घुश्मेचे मागणे

धर्मशास्त्राने मृत्यूचे जे हिशेब मांडून ठेवले आहेत, त्यांत अपत्याच्या मृत्यूला नीट जागा सापडत नाही. मृताचे वय जितके कमी तितके सुतक, म्हणजे मृत्यूनंतर घराने पाळावयाचे अशौच, कमी दिवसांचे, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे ज्या मृत्यूने घर सर्वांत अधिक हादरते, त्यालाच शास्त्राने सर्वांत थोडे दिवस दिले आहेत. 'पुत्र' या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती 'पुत् नावाच्या नरकातून तारणारा' अशी सांगितली जाते; ज्याने आईबापांना अखेरचे पाणी द्यावयाचे, त्यालाच आईबापांनी पाणी देण्याची वेळ आली, तर ही सगळी रचना उलटी होते. त्यात मृत्यू हत्येने झालेला असेल तर आणखी एक गाठ पडते. पितृपक्षातील भाद्रपद वद्य चतुर्दशी ही तिथी पंचांगात 'शस्त्रादिहत श्राद्धा'साठी, म्हणजे शस्त्राने किंवा तशाच अन्य हिंसक कारणाने गेलेल्यांसाठी, वेगळी राखलेली असते. मारला गेलेला माणूस आणि आजाराने गेलेला माणूस यांची आठवण एकाच दिवशी, एकाच रीतीने करता येत नाही, एवढे परंपरेने ओळखले होते. मात्र मागे उरलेल्या आईने वा बापाने चतुर्दशीनंतरच्या ३६४ दिवसांत त्या शोकाचे काय करावे, याचे उत्तर पंचांगात नाही. ते शोधायचे तर कथांकडे आणि चरित्रांकडे वळावे लागते.

'दुःखाचे सेवेत रूपांतर' हा शब्दप्रयोग अलीकडे इतका सरावाचा झाला आहे की त्यात दडलेला प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. रूपांतर म्हटले की पहिली वस्तू संपून दुसरी उरते: दुधाचे दही झाले की दूध राहत नाही. शोकाचे असे काही होते काय, आणि होत नसेल, तर ज्या माता आणि पिते अपत्याच्या हत्येनंतर इतरांच्या मदतीला उभे राहिले, त्यांच्या हातून जे घडले त्याला कोणते नाव द्यावे, हा येथील विचाराचा विषय आहे.

या विषयासाठी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी आणि त्याच्या शेजारचे वेरूळ हा मुलूख विलक्षण समृद्ध आहे. 'रंगारी' म्हणजे कापड रंगवणारे. त्या व्यवसायाची खूण नावात वागवणारे हे गाव संत बहिणाबाईंचे जन्मगाव आहे. वेरूळला कैलास लेण्याच्या सावलीत घृष्णेश्वराचे देऊळ आहे, आणि तेथील स्थानकथा ही हत्या झालेल्या मुलाच्या आईची कथा आहे. दोन्ही गावे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की एका गावची यात्रा दुसऱ्या गावाला ठाऊक नसणे शक्य नाही. तरीही या दोन स्त्रियांना शेजारी बसवून कोणी फारसे पाहिलेले दिसत नाही.

शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत आलेली कथा थोडक्यात अशी आहे. देवगिरीच्या परिसरात सुधर्मा नावाचा ब्राह्मण राहत होता. त्याच्या पत्नीला, सुदेहेला, मूल नव्हते. शेजारणींच्या टोमण्यांनी ती पोळलेली होती, आणि नवऱ्याची इच्छा नसताना तिनेच हट्टाने आपल्या नात्यातली घुश्मा सवत म्हणून घरात आणली. घुश्मा रोज १०१ पार्थिव लिंगे करी. पार्थिव लिंग म्हणजे ओल्या मातीचे, त्या दिवसापुरते घडवलेले शिवलिंग; पूजा झाली की ते पाण्यात सोडावयाचे असते. जवळच्या तळ्यात ती ही लिंगे विसर्जित करी, आणि लक्ष लिंगांचा संकल्प पुरा झाल्यावर तिला मुलगा झाला. मुलगा मोठा झाला, त्याचे लग्न झाले, घरात सून आली, आणि ज्या सुदेहेने हे सारे घडवून आणले होते तिलाच ते पाहवेना. एके रात्री तिने झोपलेल्या मुलाला सुरीने मारले, त्याचे तुकडे केले आणि नेमके त्याच तळ्यात टाकले. सकाळी सुनेला अंथरुणावर रक्त दिसले. घरात आकांत उठला तेव्हा घुश्मा पूजेला बसली होती. ती उठली नाही. पूजा आटोपून, दुपारी ते अंथरूण पाहूनही ती ढळली नाही, आणि नेहमीसारखी मातीची लिंगे घेऊन तळ्यावर गेली. विसर्जन करून वळली तो मुलगा काठावर उभा. तेव्हाही ती हर्षाने वेडी झाली नाही, असे पुराणकार आवर्जून सांगतो. मग शिव प्रकटले, सुदेहेवर त्रिशूळ उगारू लागले, घुश्मेने तिला अभय मागितले. आणि वर माग म्हटल्यावर लोकांच्या रक्षणासाठी येथेच राहावे, एवढेच मागितले. त्या शिवाला तिचेच नाव मिळाले, घुश्मेश्वर, आणि तळ्याला शिवालय. आजचे लाल पाषाणाचे देऊळ १८ व्या शतकात होळकरांच्या आश्रयाने उभे राहिले, आणि त्याच्या जीर्णोद्धाराशी अहिल्याबाईंचे नाव जोडलेले आहे. नवरा, मुलगा आणि शेवटी सती गेलेली मुलगी यांच्यामागे जगलेल्या बाईचे नाव याच देवळाशी जोडले जावे, हा योगायोग असला तरी नोंदवण्याजोगा आहे.

प्रवचनांतून ही कथा सांगितली जाते तेव्हा भर सहसा घुश्मेच्या अविचलतेवर आणि क्षमेवर असतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञ, म्हणजे दुःखात ज्याचे मन उद्विग्न होत नाही आणि सुखात ज्याची स्पृहा जागत नाही असा माणूस, हा तिच्यात मूर्तिमंत दिसतो, असे सांगणे सोपे आहे. परंतु कथा बारकाईने पाहिली तर तिच्यातील सर्वांत मोलाची गोष्ट या दोहोंपैकी एकही नाही. क्रम पाहावा: मुलगा आधी परत येतो, क्षमा नंतर येते. ज्याचे काहीच गेले नाही त्याने क्षमा करणे थोर असले तरी तो मुलाच्या हत्येच्या प्रश्नाचा निकाल नव्हे. पुराणकाराने येथे वाचकाची, आणि कदाचित स्वतःचीही, सुटका करून घेतली आहे. ज्या घरांत मुलगा तळ्याकाठी उभा राहत नाही, त्या घरांना या क्षमेचा दाखला देणे म्हणजे न झालेल्या परतफेडीची पावती मागणे होय.

अविचलतेविषयीही असेच म्हणता येईल. कथेत रक्त पाहून किंचाळणारी एकच व्यक्ती आहे आणि ती सून आहे. तिला नाव नाही, वर नाही. वास्तविक त्या घरातील अगदी साधा मानवी उद्गार तिचाच आहे.

उरते ते मागणे. घुश्मेला स्वतःसाठी मागण्यासारखे काही उरले नव्हते. त्या रिकाम्या जागी तिने इतरांना आणून बसवले. मुलगा परत आला नसता तर तिने काय मागितले असते, हा प्रश्न पुराण विचारत नाही. तो वाचकाने विचारावयाचा आहे, आणि या निबंधातील पुढची सर्व माणसे त्या प्रश्नाची उत्तरे आहेत. शिवाय कथेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे जवळपास कोणाचेच लक्ष जात नाही: सुदेहाही शोकाकुल आहे. तिचा शोक न झालेल्या मुलाचा आहे, वर्षानुवर्षे टोमण्यांनी चिघळलेला आहे, आणि त्याच शोकाने तिच्या हातात सुरी दिली. म्हणजे एकाच घरात, एकाच अंगणात, अपत्याच्या अभावाचे दुःख एकीला हत्येकडे घेऊन गेले आणि दुसरी लोकांसाठी मागणे मागून गेली. शोकाला स्वतःची अशी दिशा नसते. दुःख माणसाला शुद्ध करते हे वचन म्हणूनच अर्धे खरे आहे. दुःखाने माणसे कडवट होतात, संशयी होतात, कधी क्रूरही होतात, आणि हे सुदेहेइतके स्वच्छपणे सांगणारे पात्र मराठी मुलखाच्या कथाविश्वात दुसरे शोधावे लागेल.

घुश्मेच्या कोरड्या डोळ्यांसमोर बहिणाबाईंची मूर्च्छा ठेवली की या मुलखाचे दुसरे उत्तर दिसू लागते. बहिणाबाईंचा जन्म १६२८ च्या सुमारास देवगावात झाला. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. अगदी बालवयात त्यांचे लग्न शिऊरच्या गंगाधरपंत पाठक या वयाने बऱ्याच मोठ्या बिजवराशी झाले. पुढे कर्जापायी आणि भाऊबंदकीपायी हे कुटुंब देवगाव सोडून बाहेर पडले आणि फिरत फिरत कोल्हापूरला पोचले. तेथे त्यांच्याकडे एक कपिला गाय आणि तिचे वासरू आले. बहिणाबाई तेव्हा ११ वर्षांच्या आसपास होत्या. ते वासरू त्यांच्यामागून पाणवठ्यावर जाई, त्यांच्याच हातून वैरण घेई, कीर्तनालाही त्यांच्याबरोबर येऊन उभे राही. जयरामस्वामींच्या कीर्तनात त्या वासरावरून चर्चा झाली, स्वामींनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, ही बातमी घरी पोचली, आणि नवऱ्याने मुलीला बेदम मारले व बांधून ठेवले. गाय आणि वासरू दोघांनी चारापाणी सोडले. थोड्याच दिवसांत वासरू मेले, आणि त्याच्या शोकाने बहिणाबाई काही दिवस शुद्ध हरपून पडल्या. त्याच अवस्थेत तुकोबांनी दर्शन देऊन उपदेश केला, असे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मनिवेदनात, म्हणजे अभंगांतून सांगितलेल्या आत्मचरित्रात, लिहून ठेवले आहे.

वासराच्या मृत्यूला अपत्याच्या हत्येच्या शेजारी बसवणे काहींना विषम वाटेल. पण ११ वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात तिच्या मायेचा म्हणावा असा जो एकमेव जीव होता, तो तिच्यावर झालेल्या मारहाणीच्या परिणामी गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे ती विषमता पुष्कळ कमी होते. महत्त्वाचे हे की वारकरी परंपरेने या कोसळण्याला कमीपणा दिला नाही. बहिणाबाई स्थितप्रज्ञ राहिल्या नाहीत. त्या पडल्या, आणि जे मिळाले ते पडलेल्या अवस्थेत मिळाले. भागवतधर्मात डोळ्यांतले पाणी हे अज्ञानाचे लक्षण मानले जात नाही, ते भक्तीच्या अष्टसात्त्विक भावांपैकी, म्हणजे अंतःकरण द्रवल्याच्या आठ शारीरिक खुणांपैकी, एक आहे. बहिणाबाईंनी पुढे आश्रम काढला नाही की अन्नछत्र घातले नाही. त्यांनी जे घडले ते लपवले नाही, एवढेच केले. सतराव्या शतकातील एका विवाहित ब्राह्मण स्त्रीने नवऱ्याने आपल्याला कसे बांधून मारले हे स्वतःच्या नावाने नोंदवणे, आणि जन्मावरून ब्राह्मण्य ठरवण्याच्या कल्पनेची चिकित्सा करणाऱ्या 'वज्रसूची'चा आशय मराठीत आणणे, ही इतरांना केलेली मदतच होती. फक्त ती पोचायला काही शतके लागली.

याच डोंगररांगांत कोरलेल्या बौद्ध परंपरेने हा प्रश्न अधिक पद्धतशीरपणे हाताळला आहे. मोहरीचे दाणे मागत घरोघर फिरणाऱ्या किसागोतमीची कथा मराठी वाचकाला शाळेपासून माहीत असते. तिचा निष्कर्ष असा की मृत्यू सर्वांच्या घरी येतो. हे सांत्वन आजारी पडून गेलेल्या बाळाला पुरते. हत्येला ते पुरत नाही, कारण हत्या सर्वांच्या घरी येत नाही. त्याहून उपयोगाची आहे ती पटाचारा. नवरा, दोन्ही मुले, आईवडील आणि भाऊ एकाच फेऱ्यात गमावून ती वेडीपिशी होऊन श्रावस्तीत भटकत होती. भिक्षुणी झाल्यावर मुले गमावलेल्या स्त्रिया तिच्याकडे येऊ लागल्या, आणि थेरीगाथेत, म्हणजे भिक्षुणींच्या वचनांच्या पाली संग्रहात, तिच्या उपदेशाने सावरलेल्या अशा पाचशे स्त्रियांची स्वतंत्र नोंद आहे. पाचशे ही पाली वाङ्मयाची आवडती संख्या असल्याने ती शब्दशः घेण्याचे कारण नाही. घ्यावयाचे ते हे की त्या स्त्रिया बुद्धांकडे न जाता पटाचारेकडे गेल्या; ज्ञानी पुरुषापेक्षा पोळलेली बाई त्यांना जवळची वाटली, आणि परंपरेने त्याचा विषाद मानला नाही.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याच्या उजवीकडच्या छोट्या दालनात हारीती बसलेली आहे. ही मूळची यक्षिणी, राजगृहातील मुले चोरून खाणारी. तिला स्वतःला पाचशे मुले. बुद्धांनी तिचे धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपवले, ती ऊर बडवत शोधत फिरली, आणि पाचशेतले एक गेल्यावर तुझी ही गत, तर ज्यांचे एकुलते एक तू नेलेस त्यांचे काय, या प्रश्नावर ती मुलांची राखणदार झाली. अजिंठ्यात तिच्या मांडीवर मूल आहे आणि शेजारी पांचिक हा तिचा यक्षपती बसला आहे. त्या दोघांच्या पायाखालच्या पट्टीत शिल्पकाराने पोरांची शाळा कोरली आहे: एका टोकाला छडी घेतलेले गुरुजी, त्यांच्या पुढ्यात पाटी धरून बसलेली शहाणी मुले, आणि मागच्या बाजूला अभ्यास सोडून खेळात रमलेली वांड मुले. मुले चोरणारीच्या आसनाखाली बेफिकीर खेळणारी मुले, एवढ्यात सारे आले. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी यात्रेकरूने विहारांत हारीतीपुढे रोज अन्न ठेवले जाते, असे नमूद केले आहे. तरीही एक अडचण राहते, आणि ती अंगुलिमालाच्या कथेतही आहे. मारणाऱ्याचे हृदयपरिवर्तन परंपरेला फार प्रिय आहे. अंगुलिमाल भिक्षू झाल्यावर अडलेल्या बाळंतिणीला साहाय्य करतो, हे सुत्तात तपशिलाने येते, पण ज्यांची बोटे त्याच्या माळेत होती त्यांच्या आया सुत्तात कोठेच दिसत नाहीत. राजगृहातल्या आयांनाही हारीतीच्या शेजारी आसन मिळालेले नाही.

महाभारताने मात्र आयांना बोलू दिले आहे. सौप्तिकपर्वात, झोपेत मारल्या गेलेल्या पाच मुलांसाठी द्रौपदी अश्वत्थाम्याचा मस्तकमणी आणल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही असे म्हणून प्रायोपवेशनाला, म्हणजे मरेपर्यंतच्या उपवासाला, बसते. भागवताच्या पहिल्या स्कंधात तीच द्रौपदी बांधून आणलेल्या अश्वत्थाम्याला सोडायला सांगते, कारण आपण रडतो तशी त्याची आई कृपी रडू नये. दोन ग्रंथांमधले अंतर विसंगती म्हणून सोडून देण्यापेक्षा एकाच बाईची दोन वर्षे म्हणून वाचले तर अधिक उकलते. स्त्रीपर्वातली गांधारी तर कृष्णालाच शाप देते, आणि व्यासांनी तिला त्यासाठी कोठे खाली पाहायला लावलेले नाही.

पुराणांतून बाहेर आल्यावर जे दिसते, ते घुश्मेच्या मागण्याशी अधिक जुळते. १९७९ मध्ये दिल्लीत सत्यराणी चढ्ढा यांची विवाहित, गरोदर मुलगी सासरी जळून मरण पावली. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात तेव्हा लग्नाच्या मोबदल्यात दिलेली वस्तू तेवढी हुंडा ठरे, त्यामुळे लग्नानंतर सासरच्यांनी केलेली मागणी त्यात बसवणे वकिलांना जड जाई. सत्यराणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. तेथेच आणि मोर्च्यांत त्यांना त्यांच्यासारख्याच इतर आया भेटल्या. त्यांपैकी शाहजहान आपा या एक, त्यांचीही मुलगी तशीच गेलेली. एक पंजाबी हिंदू, एक मुसलमान, दोघीही चळवळीच्या भाषेत न वाढलेल्या. १९८७ साली या दोघींनी 'शक्ती शालिनी' हे संकटग्रस्त स्त्रियांसाठीचे आसरा-केंद्र उभे केले. दरम्यान १९८३ मध्ये भारतीय दंडसंहितेत ४९८-अ हे विवाहितेच्या छळाविषयीचे कलम आले, १९८४ आणि १९८६ च्या दुरुस्त्यांनी हुंड्याची व्याख्या लग्नानंतरच्या मागणीपर्यंत रुंदावली, आणि १९८६ मध्येच ३०४-ब हे हुंडाबळीचे कलम दाखल झाले. सत्यराणींच्या जावयाची शिक्षा दिल्ली उच्च न्यायालयाने कायम केली ती २०१३ साली, मुलीच्या मृत्यूनंतर ३४ वर्षांनी. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. म्हणजे आसरा-केंद्र सुरू झाले तेव्हा न्याय मिळालेला नव्हता, क्षमा केलेली नव्हती आणि शोक सरलेला नव्हता. तिन्हींवाचून काम सुरू झाले. प्रवचनकारांनी मांडलेला क्रम, म्हणजे आधी शोक शमावा, मग क्षमा उमलावी आणि मग सेवा घडावी, हा येथे पार मोडतो.

कन्नडचा घाट उतरले की खानदेश लागतो. जळगावच्या डॉ. पायल तडवी या आदिवासी विद्यार्थिनीचा २२ मे २०१९ रोजी मुंबईत, पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेत असताना, आत्महत्येने मृत्यू झाला. जातीवरून झालेल्या छळाचा आरोप त्यामागे आहे. त्याच वर्षी त्यांच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात शिकत असताना तसाच आत्महत्येने गेलेल्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मागणे असे की उच्च शिक्षणसंस्थांत जातिभेदाला आळा घालणारी यंत्रणा कागदावर न राहता खरोखर चालावी. दोघींची भाषा एक नाही, राज्य एक नाही, धर्म एक नाही. याचिका एक आहे. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये, संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या आंदोलनात अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या आई विजयाबाईंनी शासनाची आर्थिक मदत नाकारली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे धाव घेतली. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला व सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. प्रकरणाचा अखेरचा निर्णय न्यायालयाचा आहे. येथे लक्ष वेधणारी बाब एवढीच की त्या याचिकेत आपल्या मुलाच्या मृत्यूबरोबरच, कोठडीतल्या कोणत्याही मृत्यूची दंडाधिकारी चौकशी झाल्यावर पुढे काय करावयाचे याची मार्गदर्शक तत्त्वेही मागितलेली आहेत. ती तत्त्वे सोमनाथच्या उपयोगाची नाहीत. ती आणखी कोणाच्या तरी मुलासाठी आहेत.

क्षमेचा मार्गही कोणी चालून दाखवलेला नाही असे नाही. अमेरिकेत सॅन डिएगोला स्थायिक झालेल्या अझीम खमिसा यांचा २० वर्षांचा मुलगा तारिक पिझ्झा पोचवण्याच्या कामावर असताना जानेवारी १९९५ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाच्या गोळीने मारला गेला. सूफी वळणाच्या इस्माइली घरातल्या अझीम यांना त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाने सांगितले ते असे की, ४० दिवस शोक करावा आणि नंतर मृताच्या नावे सत्कर्म करावे, कारण त्याच्या पुढच्या प्रवासाला तेच उपयोगी पडते. देवगाव-वेरूळच्या पंचक्रोशीत ज्यांनी खुलताबादचे दर्गे पाहिले आहेत आणि चाळिसाव्याची रीत ज्यांना माहीत आहे, त्यांना हा उपदेश परका वाटणार नाही. अझीम यांनी त्याच वर्षी, गोळी झाडणाऱ्या मुलाचे आजोबा प्लेस फेलिक्स यांना सोबत घेऊन, शाळकरी मुलांना हिंसेपासून वळवण्यासाठी प्रतिष्ठान सुरू केले. ही क्षमा घुश्मेच्या क्षमेहून अवघड होती, कारण येथे तळ्याकाठी कोणी उभे नव्हते. मात्र तिचा दाखला देऊन सत्यराणींना किंवा विजयाबाईंना उणे ठरवणे हा विचाराचा आळस होईल. एकाने मारणाऱ्याच्या आजोबांना सोबत घेतले आणि दुसरीने मारणाऱ्याला न्यायालयात खेचले, तरी दोघांनी मागितले ते तिसऱ्याच कोणासाठी, हे त्यांच्यातील साम्य आहे.

या कृतीला नाव काय द्यावे? मानसशास्त्रात 'उदात्तीकरण' हा शब्द आहे. दडपलेल्या प्रेरणेला समाजमान्य वाट मिळणे, असा त्याचा अर्थ. पण येथे काही दडपलेले नाही, उलट सारे उघड्यावर आहे. गीतेतील निष्काम कर्म, म्हणजे फळाची आस न धरता केलेले कर्म, हेही नीट बसत नाही. कारण या आयांना आस आहे, आणि तीही अशी की तिच्यापुढे दुसरी कोणतीही आस फिकी पडावी: मूल परत हवे आहे. हे फळ मिळणार नाही हे पक्के ठाऊक असताना, त्याच आसेच्या बळावर, दुसऱ्याच्या पदरात पडेल असे फळ त्या उभे करतात. याला सकाम म्हणता येत नाही आणि निष्कामही म्हणता येत नाही. शास्त्राच्या वर्गवारीत त्याला खण नाही. जवळचा शब्द शोधायचा तर तो मराठीच्या रोजच्या बोलीतच आहे: राखण. आपले शेत गेले तरी गावाच्या शेताची राखण करणे. राखणदाराला झोप लागलेली नसते, म्हणूनच तो राखणदार. शोकाचे रूपांतर झालेले नसते; तो जागा असतो, आणि त्याच्या जागेपणाचा इतरांना उपयोग होतो.

यातून एक सावधगिरी निघते. शोकाकुलांच्या कामाचा गौरव करता करता समाज त्यांच्याकडून त्याची अपेक्षा करू लागतो, आणि अपेक्षेची सक्ती व्हायला वेळ लागत नाही. 'शिवलीलामृता'तील चांगुणेला अतिथीच्या समाधानासाठी पोटचा चिलया उखळात कांडावा लागतो, आणि कांडताना डोळ्यांतून पाणी काढण्याचीही मुभा नसते. पिढ्यान्पिढ्या बायकांनी ही कथा रडत ऐकली आहे, आणि ते रडणेच त्या कथेवरचे खरे भाष्य आहे. अपत्य मारले गेलेल्या बहुसंख्य आयांनी संस्था काढलेली नाही, याचिका केलेली नाही, क्षमा केलेली नाही. त्यांनी चूल पेटवली, उरलेल्या मुलांना शाळेत पाठवले, आणि दर भाद्रपदात वद्य चतुर्दशीला पान वाढले. धर्माच्या दृष्टीने यात काहीही न्यून नाही. मदत करणाऱ्या आईचे मोठेपण मान्य करणे म्हणजे न करू शकणाऱ्या आईला प्रश्न विचारणे नव्हे. आणि दुखवट्याला जाणाऱ्याने तिला घुश्मेची गोष्ट सांगू नये, ती तिला कधी हवी झाली तर वेरूळ फार दूर नाही.

बारा ज्योतिर्लिंगांची नावे सकाळी म्हणण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. सोमनाथापासून सुरू होणारी ती नामावली वेरूळला येऊन संपते. तिच्यातील हे एकच नाव एका मानवी स्त्रीच्या नावावरून आलेले आहे.